राज्यसभा : ब्रेक दणकट, पण पायडल लोकसभेच्या पायाखाली

विधेयक दुसऱ्यांदा तपासून देणारी सेवा म्हणून राज्यसभा घेतली, तर तिचा दर्जा विधेयकाच्या जातीवर ठरतो. घटनादुरुस्ती असेल तर पूर्ण गुण. दोन्ही सभागृहांत स्वतंत्रपणे एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं. राज्यसभा अडली की विषय संपला. इथे संयुक्त बैठकीची सोयच नाही.

साध्या विधेयकाला आहे. राज्यसभेने ते फेटाळलं, दुरुस्त्यांवर एकमत झालं नाही किंवा सहा महिने काहीच केलं नाही, तर अनुच्छेद 108 खाली राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. या सहा महिन्यांत एक मेख आहे. सत्रसमाप्तीचा काळ आणि सलग चार दिवसांपेक्षा जास्त तहकुबी त्यात धरत नाहीत, त्यामुळे कॅलेंडरवर ते बरेच लांबतात. बैठकीत अध्यक्षपद लोकसभा अध्यक्षांकडे आणि आकडा लोकसभेच्या बाजूने: 543 अधिक 245, म्हणजे 788. सगळे हजर असतील तर 395 मतं हवीत. लोकसभेत 300 जण पाठीशी असलेल्या सरकारला राज्यसभेतून फक्त 95 मिळवायचे आहेत. तरीही हा मार्ग तीनदाच वापरला गेला : 1961 (हुंडाबंदी), 1978 (बँकिंग सेवा आयोग रद्द करणं), 2002 (पोटा हा दहशतवादविरोधी कायदा). पोटाला 425 विरुद्ध 296 मतं पडली. सहसा विरोधी पक्षांशी बोलून दोन कलमं बदलणं सरकारला स्वस्त पडतं, आणि राज्यसभेची खरी कमाई हीच आहे.

सेवा ढेपाळते ती धन विधेयकात. राज्यसभेने 14 दिवसांत शिफारशींसह वा त्याविना ते परत करायचं. शिफारशी मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते, आणि मुदत टळली तर विधेयक संमत झाल्याचं धरलं जातं. हे पैशांच्या बाबतीत रास्तच आहे. सरकार लोकसभेला जबाबदार असतं. गोची 'हे धन विधेयक आहे' अशा प्रमाणपत्राची. अनुच्छेद 110 मध्ये 'केवळ' हा शब्द आहे : विधेयकात फक्त कर, कर्ज, संचित निधी (सरकारची मुख्य तिजोरी) अशा बाबी आणि त्यांना आनुषंगिक तरतुदीच हव्यात. पण ते तसं आहे का, हे लोकसभा अध्यक्ष ठरवतात. 2016 मध्ये आधार विधेयक या खिडकीतून गेलं. राज्यसभेच्या दुरुस्त्या लोकसभेने त्याच दिवशी फेटाळल्या. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात बहुमताने ते धन विधेयक म्हणून टिकलं, एका न्यायमूर्तींनी मात्र त्याला संविधानाशी केलेली फसवणूक म्हटलं. अशा प्रमाणपत्राची न्यायालयीन तपासणी होऊ शकते, एवढं तरी त्यातून निघालं.

तुलनेला ब्रिटनचं वरिष्ठ सभागृह घ्या. तिथेही धन विधेयक ठरवण्याचा शिक्का कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षांकडेच. वरिष्ठ सभागृहात धन विधेयक महिनाभर थांबतं आणि इतर बहुतेक विधेयकं 1949 पासून साधारण वर्षभरच रोखता येतात. ऑस्ट्रेलियाची सिनेट अर्थसंकल्पही अडवू शकते, 1975 मध्ये तिने तो अडवून धरला आणि सरकार बडतर्फ होण्यापर्यंत प्रकरण गेलं. इतकं टोकदार हत्यार इथे नको.

गुण : पाचपैकी तीन, त्यातले दोन निव्वळ घटनादुरुस्तीचे. अनुच्छेद 249 खाली राज्यसूचीतल्या, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतल्या विषयावर संसदेला कायदा करू देण्याचा ठराव फक्त याच सभागृहाला करता येतो, ही अर्ध्या गुणाची भर. एखाद्या विधेयकाचा माग काढायचा असेल तर आधी लोकसभेतून राज्यसभेकडे आलेल्या प्रतीवर अध्यक्षांचं प्रमाणपत्र आहे का ते पाहा. असेल तर राज्यसभेतली आकडेमोड करत बसू नका.