गाडीतल्या जीपीएसचे नऊ महिने: उपग्रह काय सांगतो आणि नकाशा काय सांगतो

मागच्या जूनमध्ये गाडीतला जुना टेप काढून नेव्हिगेशनवाला स्क्रीन बसवून घेतला. नकाशा मेमरी कार्डात असल्यामुळे मोबाइलला रेंज नसली तरी चालतो. मी लातूरचा. बियाण्यांच्या कामासाठी बीड, नांदेड, जालना अशा फेऱ्या सतत चालू असतात. यंत्र चांगलंच आहे, पण सेटिंगमधले शब्द कळेपर्यंत त्याने मला बराच त्रास दिला.

जुलैत अहमदपूरकडच्या एका गावाला निघालो होतो. सेटिंगमध्ये ‘सर्वात कमी अंतर’ होतं. यंत्राने पक्का रस्ता सोडून डावीकडे वळवलं, नऊ किलोमीटर वाचत होते. दोन किलोमीटरवर डांबर संपलं आणि पाणंद लागली. आदल्या रात्री पाऊस झालेला, काळी माती चाकांना लोण्यासारखी चिकटली. शेवटी एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली. मी उपग्रहाला दोष देत बसलो होतो. त्याचा यात काहीच संबंध नव्हता. उपग्रह फक्त तुम्ही कुठे आहात ते कळायला मदत करतो. रस्ता निवडतो तो कार्डातला नकाशा, आणि माझ्या नकाशात पाणंदही रस्ता म्हणूनच नोंदवलेली होती. तेव्हापासून ‘सर्वात कमी वेळ’ ठेवलंय, ‘कच्चे रस्ते टाळा’ही चालू केलंय. पावसाळ्यात तर एवढं कराच.

वडील विचारायचे, वरून आपल्यावर कोणी नजर ठेवतंय का? नाही. जीपीएसचा रिसीव्हर नावाप्रमाणे फक्त ऐकतो, उपग्रहाकडे काही पाठवत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून प्रत्येक उपग्रह वेळ आणि आपली जागा सांगत असतो. तो संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून यंत्र अंतर काढतं. जागेसाठी तीन उपग्रह पुरे झाले असते. पण उपग्रहात आण्विक घड्याळ आणि गाडीत साधं; सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. ती चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. चार मिळाले आणि जागा पक्की झाली की त्याला ‘फिक्स’ म्हणतात.

सकाळी पत्र्याच्या शेडमधून गाडी काढली की स्क्रीन बराच वेळ ‘सिग्नल शोधत आहे’ म्हणायचा. मला वाटलं, अँटेना खराब आहे. मग कळलं, प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची नेमकी माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो. मध्येच इमारत आड आली की पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. आता उघड्यावर मिनिटभर थांबतो आणि मगच निघतो. गाडी महिनाभर जागेवरच असेल तर जास्त वेळ धरा, कारण सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात.

चौकात उभं राहिलं की बाण गरगर फिरतो, तो बिघाड नाही. दिशा चालत्या गाडीवरूनच कळते. दहा-वीस पावलं गाडी पुढे घ्या, बाण सरळ होतो.

उड्डाणपूल आणि सर्व्हिस रोड जिथे समांतर जातात तिथे मात्र अजूनही फसतो. फिक्समध्ये काही मीटरचा फरक असतोच, आणि यंत्र तुम्हाला जवळच्या रस्त्यावर नेऊन चिकटवतं. समृद्धीवर हे महागात पडतं, कारण बाहेर पडायचं ठिकाण चुकलं की पुढचं लवकर येत नाही. तिथे मी पाट्याच वाचतो.

गाव शोधताना तालुका बघितल्याशिवाय ‘जा’ दाबू नका. आमच्या भागातच शिरूर कासार, शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद आहेत. नुसतं ‘शिरूर’ टाकलं तर यंत्र सगळ्यात वर पुणे जिल्ह्यातलं दाखवतं.

माझ्या कार्डातला मूळ नकाशा जुना होता. ‘धाराशिव’ लिहिलं तर शहर सापडायचं नाही, ‘उस्मानाबाद’ लिहावं लागायचं. डिसेंबरमध्ये दुकानात नेऊन नकाशा अपडेट करून घेतला. आता धाराशिव सापडतं, छत्रपती संभाजीनगरही सापडतं. अहमदपूरकडची ती पाणंद अजून रस्ता म्हणूनच दिसते.