हेवी डिपॉझिटचं मधलं घर आणि आमचे १२ लाख

भाड्याच्या घरात फसून आमचे किती गेले, तो आकडा आधी सांगून टाकते, कारण नातेवाइकांत तो पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत फिरतोय. १२,५७,६५० रुपये. त्यातले १२ लाख डिपॉझिट, २४,००० दलाली, १,३०० स्टँप पेपर आणि नोटरी, १४,५०० सामान नेण्याचे, ११,००० तेच सामान परत काढण्याचे, आणि ६,८५० बाथरूममध्ये ह्यांना धरायला बसवलेल्या स्टीलच्या दांड्यांचे. त्या दांड्या अजून त्या भिंतीतच आहेत.

आणि हेही आधीच सांगते, की मी अडाणी नाही. पोस्टात ३४ वर्षं काढली, त्यातली १९ बचत खात्याच्या काउंटरवर. पासबुकावरच्या आणि फॉर्मवरच्या नावात एका काना-मात्रेचा फरक दिसला तरी मी फॉर्म परत करायचे. लोक मला शिव्या घालायचे.

आमचं घर ठाण्यात नौपाड्यात, तिसरा मजला, लिफ्ट नाही. रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा नऊ वर्षं चालल्या होत्या, चहा-बिस्किटांपलीकडे गाडी गेली नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मंडळाच्या चार मुलांनी खुर्चीत बसवून ह्यांना जिन्यावरून खाली नेलं, त्याच दिवशी मी ठरवलं की घर विकायचं. मुलगी ऐरोलीला असते. घणसोलीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीत वन बीएचके बुक केला, ताबा २०२६ च्या डिसेंबरमध्ये. तिथे मी काही चुकले नाही. महारेराचा, म्हणजे बांधकामांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर साइटवर टाकून पाहिला. नोंदणी केलेल्या करारनाम्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही हे माहीत होतं, दिलीही नाही. नौपाड्याचं घर फेब्रुवारी २०२५ मध्ये ७१ लाख ५० हजारांना विकलं, तोही व्यवहार वकिलाकडून. घेणाऱ्याला ३१ मार्चला जागा रिकामी हवी होती.

म्हणजे विकताना जागी, घेताना जागी. झोप लागली ती मधल्या पावणेदोन वर्षांसाठी. "तात्पुरतं तर राहायचंय" हे वाक्य त्या महिन्यात मी किती वेळा बोलले असेन देव जाणे.

ऐरोलीत वन बीएचकेचं भाडं २४,००० सांगत होते. हेवी डिपॉझिट कसं चालतं ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, रक्कम एकदम द्यायची, भाडं शून्य, घर सोडताना रक्कम परत. मी हिशोब मांडला. १२ लाखांवर सात टक्क्यांनी महिन्याचं ७,००० व्याज बुडणार, पण २४,००० भाडं वाचणार, म्हणजे १७,००० खिशात. ह्यांचा फिजिओथेरपिस्ट दर खेपेला ६०० घेतो, महिन्याच्या २६ खेपा, १५,६००. आकडा इतका बरोबर बसला की मी दत्ताच्या फोटोला नमस्कार केला. आज मला त्या बरोबर बसण्याचीच चीड येते.

घर दाखवणारा एजंट, आणि "मालक" म्हणून आलेला पस्तिशीचा गोड बोलणारा मुलगा. घर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट, खाली रॅम्प. पहिल्या भेटीतच तो ह्यांच्या पाया पडला आणि मला मावशी म्हणाला. "काकांना खिडकीपाशी पलंग लावा मावशी, सकाळचं ऊन येतं." एजंटच्या कार्डावर रेराचा नंबर छापलेला होता. तो नंबर मी नंतर पाहिला तर दुसऱ्याच कोणाचा तरी निघाला. आणि खरा असता तरी उपयोग काय, रेराचा कायदा विक्रीच्या व्यवहारांसाठी आहे, भाड्याच्या घरांना लागूच नाही. कार्डावर नंबर बघून हुरळू नका.

मुलगी म्हणाली होती, "आई, ॲग्रीमेंट रजिस्टर कर." मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, हेवी डिपॉझिटवर पाच टक्के स्टँप ड्युटी लागते, १२ लाखांवर ६०,००० जातील. तुमचेच पैसे वाचवतोय. नोटरी करू." ६०,००० ऐकून मी गप्प. खरा हिशोब आता सांगते, कुठेतरी लिहून ठेवा. लीव्ह अँड लायसन्सला, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाडेकराराला, ड्युटी ०.२५ टक्के, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्या व्याजावर. म्हणजे १२ लाखांचं दोन वर्षांचं व्याज २,४०,००० आणि ड्युटी ६०० रुपये. वर शहरात नोंदणी फी १,०००. ६०० रुपये! आणि रजिस्ट्रेशन करायचं म्हटलं असतं तर तो मालकीचे कागद आणणार कुठून होता? तिथेच त्याचं पितळ उघडं पडलं असतं.

लाइटबिलाचं तर मला लिहवत नाही, पण लिहिते. २६ मार्च २०२५. कोपरखैरण्यात झेरॉक्सच्या दुकानाच्या मागे नोटरी बसतो, तिथे आम्ही. ५०० रुपयांचा स्टँप पेपर. मी त्याला म्हटलं, घराचा काहीतरी कागद जोड. त्याने महावितरणचं बिल काढून दिलं. बिलावर आडनाव वेगळं. काना-मात्रा नव्हे, अख्खं आडनावच वेगळं. मी विचारलंसुद्धा. "मामांचं नाव आहे मावशी, घर मामांनी मला दिलं, बिल बदलायचं राहिलंय." काउंटरपलीकडून हेच कोणी बोललं असतं तर मी काच सरकवली असती. त्या दिवशी मी बिलाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. कारण टेम्पोवाल्याला बयाणा दिला होता, ३० तारखेला पाडवा होता, आणि ह्यांना तासाभराने औषध द्यायचं होतं. ही कारणं खरी आहेत. तरी ती सांगताना माझी मलाच लाज वाटते.

९ लाख आरटीजीएसने गेले, त्याच्या नव्हे तर कुठल्याशा एंटरप्रायझेसच्या खात्यात. "धंद्याचं खातं आहे." ३ लाख रोख. हो, रोख. ओरडा माझ्यावर. जावई ओरडून झालेत. आयकर कायद्यात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्यालाच तेवढा दंड आहे, हे मला आता कळलं. पावती मागितली तर "ॲग्रीमेंटमध्ये १२ लाख लिहिलंय ना" म्हणाला. रोख मागितली की उठून चालू लागायचं, एवढं कोणीतरी मला तेव्हा सांगायला हवं होतं. मुलीने सांगितलं होतं, खरं तर.

पाडव्याला गुढी तिथेच उभारली. वॉचमनने वहीत नाव घालताना विचारलं, "तुम्ही त्यांच्या मावशी ना?" मी हसून म्हटलं, "हो रे बाबा, मावशीच." सोसायटीत त्याने सांगून ठेवलं होतं की गावाहून सख्खी मावशी आणि काका उपचारांसाठी येणार आहेत. म्हणून एनओसीचा, म्हणजे सोसायटीच्या परवानगीचा, प्रश्न नाही, भाडेकरूची पोलिसांकडे माहिती नाही, सेक्रेटरीने येऊन विचारणं नाही. त्याच्या खोट्यावर शिक्का मीच मारला, तोही हसत. कुठेही राहायला गेलात तर सेक्रेटरीला एजंटशिवाय, एकट्याने जाऊन भेटा, आणि आम्ही इथे कोण म्हणून येतोय असं सांगितलंय ते विचारा.

१७ ऑगस्ट, दहीहंडीचा दुसरा दिवस, रविवार. बेल वाजली. दारात एक तरुण जोडपं, मुलीच्या हातात टेप. "नमस्कार मावशी, पडद्यांची मापं घ्यायला आलो. तुम्ही गावी कधी निघताय?" मी म्हटलं, कोणत्या गावी? त्यांच्याकडेही नोटरीचा कागद, तोच ५०० चा स्टँप, तीच फ्लॅटची ओळ, डिपॉझिट ८ लाख ५० हजार. बायको सहा महिन्यांची गरोदर. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभं राहून त्याला फोन लावत होतो, एकीचा संपला की दुसरीचा. बंद. एजंटचा नंबर अस्तित्वातच नाही.

संध्याकाळी सेक्रेटरीकडून खऱ्या मालकाचा नंबर मिळाला. बिलावरचे ते "मामा". हा कोणाचाही भाचा नव्हता, मालकाचा अकरा महिन्यांचा भाडेकरू होता, भाडं २३,०००. त्यांचं ॲग्रीमेंट रजिस्टर केलेलं. आमच्या पैशातून त्याने थोडे महिने भाडं भरलं, जूनपासून तेही बंद. मालक माणूस बरा. आम्हाला सप्टेंबरअखेरपर्यंत राहू दिलं आणि त्या महिन्याचे २३,००० घेतले. ते मी नुकसानीत धरत नाही, राहिलो होतो. मालकी तपासायला नोंदणी विभागाच्या साइटवर फुकट शोध आहे, इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराच्या उताऱ्यावर, मालकाचं नाव दिसतं. सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल मागा. शेअर सर्टिफिकेट मागा. मी घणसोलीसाठी अशीच तपासणी केली होती! त्याच कॉम्प्युटरवर, दहा मिनिटांत!

आता पोलीस. १८ ऑगस्टला जवळच्या पोलीस स्टेशनला गेले. दोन तास बाकावर. मग एकाने कागद चाळला आणि म्हणाला, "मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." एक माणूस दुसऱ्याचं घर आपलं म्हणून दोघांना देतो, हे सिव्हिल? दुसऱ्या दिवशी, "आरटीजीएस ठाण्यातून केलंत ना, मग ठाण्यात द्या." ठाण्यात गेले तर, "घर ऐरोलीत, तिकडचं आयुक्तालय वेगळं, आम्ही काय करणार?" नोटरी कोपरखैरण्याचा म्हणून तिसऱ्या ठिकाणी. ह्यांना शेजारणीकडे सोपवून मी ऐरोली, ठाणे, कोपरखैरणे करत होते. पाचव्या खेपेला मुलीने कागद छापून दिले, की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार घ्यावी लागते, आणि २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर बंधनकारक म्हटलंय. साहेबांनी कागद बघितला नाही, माझ्याकडे बघितलं. "शिकलेल्या आहात ना मॅडम? मग नोटरीवर १२ लाख कसे दिलेत?" बाजूचा हवालदार हसला. चूक माझी आहे, मान्य. पण माझी चूक हा त्याचा गुन्हा माफ करायचा दाखला आहे का? घरफोडी झाली तर कुलूप कसलं होतं म्हणून घरवाल्याला हसतात का? हसत असतील. "पोलीस व्हेरिफिकेशन केलं होतं का?" भाडेकरूची माहिती मालकाने द्यायची असते, आणि मालकच तोतया, तर मी कोणाचं व्हेरिफिकेशन करणार होते? मग गणपतीचा बंदोबस्त आला. साहेब बंदोबस्ताला, लिहून घेणारा रायटर सुट्टीवर, फाइल कपाटात, किल्ली साहेबांकडे. अर्जाच्या प्रतीवर "पोचले"चा शिक्का मारायलासुद्धा मला भांडावं लागलं. तो शिक्का मात्र सोडू नका, तोंडी तक्रार म्हणजे हवेत.

११ सप्टेंबरला, २४ दिवसांनी, एफआयआर झाला. न्याय संहितेचं कलम ३१८, फसवणूक. खातं गोठवलं तेव्हा त्यात २,३१६ रुपये होते. हे २४ दिवस आधी गोठवलं असतं तर किती असते, हे विचारायला मी परत गेले होते. "आता तपास चालू आहे." रोख ३ लाखांबद्दल, "पुरावा आणा." बँकेतून काढल्याची नोंद दिली, तर "काढले हे दिसतं, दिले हे कुठे दिसतं?" आता तो युक्तिवाद आरोपीच्या वकिलाने करायचा, का पोलिसांनी?

वकिलाने एक गंमत सांगितली. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लेखी करार रजिस्टर करणं ही घरमालकाची जबाबदारी, आणि त्याने केला नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. मला क्षणभर बरं वाटलं. मग ते म्हणाले, "पण तो घरमालक नव्हता ना."

आम्ही आता मुलीच्या हॉलमध्ये आहोत. जावई काही बोलत नाहीत. घणसोलीचे हप्ते आहेत, त्यासाठी राखलेले १२ लाख नाहीत, म्हणून ६३ व्या वर्षी एका पतपेढीत अर्धवेळ बसते, फॉर्म तपासायला. बाथरूमला नवीन दांड्या जावयांनीच आणून बसवल्या. ते जोडपं अधूनमधून फोन करतं. त्यांना मुलगी झाली.

दिवाळीत त्याचा मेसेज आला. पणतीचं चित्र, खाली "मावशी, काका, दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा." सगळ्यांना एकदम पाठवणाऱ्या यादीत आमचा नंबर राहून गेला असावा. मी लगेच स्क्रीनशॉट काढून तपास करणाऱ्या हवालदाराला पाठवला, खाली लिहिलं, हा नंबर चालू आहे, आत्ता चालू आहे. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर अजून यायचंय.