‘आयडी मायग्रेन’: उलटीच्या रुग्णावर ही तीन प्रश्नांची चाचणी कितपत चालते?

‘पित्ताचा त्रास’ म्हणून दवाखान्यात येणाऱ्यांमध्ये अर्धशिशीचे (मायग्रेनचे) रुग्ण बरेच लपलेले असतात. आधी मळमळ, मग दोन-तीन उलट्या, शेवटी कडू पिवळं पाणी पडतं आणि डोकं उतरतं. क्रमच असा, त्यामुळे ‘पित्त चढलं होतं, पडलं आणि सुटलो’ हे घरोघरी ठरलेलं. खरं तर पोट रिकामं होऊनही उमासे चालूच राहिले की लहान आतड्यातला पित्तरस उलटा वर येतो. उलट्या लांबल्या एवढंच त्या पिवळ्या पाण्यावरून कळतं. डोकेदुखीच्या कारणाबद्दल ते काही सांगत नाही.

अशा रुग्णातलं मायग्रेन झटपट ओळखायला ‘आयडी मायग्रेन’ ही चाचणी वापरतात. अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ रिचर्ड लिप्टन आणि सहकाऱ्यांनी ती २००३ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात मांडली. सुरुवातीला नऊ प्रश्न होते. त्यांतले सर्वांत उपयोगी तीन ठेवले. मागच्या तीन महिन्यांत डोकं दुखताना मळमळलं का? एरवीपेक्षा उजेडाचा त्रास बराच जास्त झाला का? डोकेदुखीमुळे निदान एक दिवस कामात किंवा अभ्यासात अडथळा आला का? दोन प्रश्नांना ‘हो’ आलं तर मायग्रेनची दाट शक्यता. मूळ अभ्यासात संवेदनशीलता ०.८१ आणि विशिष्टता ०.७५ निघाली. म्हणजे मायग्रेन असलेल्या १०० जणांपैकी ८१ सापडतात आणि नसलेल्या १०० पैकी २५ जणांवर उगीच शिक्का बसतो. कागद लागत नाही, यंत्र लागत नाही, वेळ दोन मिनिटं. गर्दीच्या ओपीडीत याहून स्वस्त काही मिळणार नाही.

खोट आहे ती वेगळीच. ही चाचणी डोकेदुखी सांगत आलेल्या माणसासाठी बेतलेली आहे. उलटी सांगत आलेल्याला तिच्यासमोर बसवलं की तीनपैकी एक गुण तो दारातूनच घेऊन येतो. मग उरलेल्या दोनांतलं एक ‘हो’ पुरतं आणि विशिष्टता मूळ आकड्याच्या खाली घसरते. मूळ आकडे जसेच्या तसे धरले तरी हिशोब बघा: डोकं दुखून उलटी होणाऱ्या १०० जणांत खरे मायग्रेनवाले ३० असतील, तर चाचणी त्यांतले २४ पकडेल आणि उरलेल्या ७० पैकी १७-१८ जणांनाही ओढेल. निकाल ‘हो’ आलेल्या दहातले चारजण मायग्रेनचे नसतील. म्हणून उलटीच्या रुग्णात मळमळीचा गुण मोजूच नये. उजेड आणि अडथळा या दोन्हींना ‘हो’ आलं तरच पुढे जावं.

दुसरी अडचण भाषेची. ‘डोकं दुखतं का?’ असं विचारलं तर पित्तवाला रुग्ण सरळ ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी डोकं हा पित्ताचा भाग. ‘पित्त होतं तेव्हा डोकं ठणकतं का? आधी डोकं की आधी मळमळ?’ असं विचारलं की उत्तर पालटतं. उजेडाचंही तसंच. ‘प्रकाशाचा त्रास होतो का’ हे पुस्तकी वाक्य कोणाच्या डोक्यात शिरत नाही. ‘खोलीतला दिवा बंद करायला सांगता का? कपाळाला ओढणी घट्ट बांधून अंधारात पडावंसं वाटतं का?’ हे लगेच कळतं. सर्वांत फसवा प्रश्न कामाचा. घर सांभाळणारी बाई ‘काम थांबवून कसं चालेल?’ म्हणते आणि तिथे ‘नाही’ची खूण पडते, प्रत्यक्षात ती उलट्या करत करत पोळ्या लाटत असते. ‘त्या दिवशी स्वयंपाक कोणी केला? नेहमीएवढाच झाला का?’ असं विचारावं.

चाचणीत नसलेले दोन प्रश्न जोडले तर तिचा कस वाढतो. लहानपणी एसटीत, घाटात गाडी लागायची का? आईला किंवा मावशीला अर्धशिशी आहे का? दोन्हींचं मायग्रेनशी नातं जुनं आहे. चिथावणी देणाऱ्या गोष्टीही विचाराव्यात: उपास, जागरण, ऊन, पाळी. एकादशीला उपाशी राहिल्यावर डोकं धरलं तर आळ पित्तावर जातो, पण भूक हे मायग्रेन उठण्याचं नेहमीचं कारण आहे. आम्लपित्ताची ओळख वेगळी: छातीच्या मागे जळजळ, आंबट ढेकर, जेवणानंतर किंवा आडवं झाल्यावर वाढणारा त्रास. उजेड आणि आवाज नकोसा होणं त्यात बसत नाही.

निकाल ‘हो’ आला म्हणजे निदान झालं, असं नाही. पुढची चाळणी डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीची (२०१८). किमान पाच झटके. औषधाविना ४ ते ७२ तास टिकणारे. एका बाजूला, ठणके मारणारं, मध्यम ते तीव्र, जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीनेही वाढणारं, या चारांतली दोन लक्षणं. सोबत मळमळ-उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्हींचा त्रास. आणि दुसऱ्या कशानेही नीट उलगडा न होणं. शेवटची अट घाईत गळते, आणि धोका तिथेच आहे. काचबिंदूचा तीव्र झटका आलेला माणूस (एक डोळा लाल, नजर अंधुक, दिव्याभोवती रंगीत कडी) उलट्या करतो, उजेड टाळतो, काम सोडून बसतो. तीनपैकी तीन! मेंदूज्वराचेही तीन. म्हणून पहिल्याच झटक्यावर ही चाचणी लावू नये. काही क्षणांत टोकाला गेलेली डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, पहाटे जाग आणणारं आणि खोकल्याने वाढणारं दुखणं, तोल जाणं, एका अंगाची कमजोरी, नुकतंच बाळंतपण, यांतलं काहीही असेल तर प्रश्नावली बाजूला ठेवून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवावं. गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर डोकं दुखून उलट्या होत असतील तर आधी रक्तदाब बघावा.

न्हाण्याचा मुद्दा आपल्याकडे खास महत्त्वाचा. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी डोक्यावरून न्हायल्यावर उठणाऱ्या मायग्रेनची भारतीय रुग्णांमधली निरीक्षणं २००६ साली प्रसिद्ध केली आहेत. केस ओले राहिले की डोकं धरतं ही तक्रार खरी आहे, मनाची समजूत नव्हे. पण बंद न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर आंघोळीनंतरची डोकेदुखी, मळमळ आणि चक्कर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचीही असू शकते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे दगा देतो, आकडा ठीकच दाखवतो. दोन प्रश्न विचारावेत: घरात आणखी कोणाला तसंच झालं का? गिझर न लावता, बादली-तांब्याने न्हायल्यावरही होतं का?

चाचणीचा निकाल झाकोळून टाकतात त्या आधीच चालू असलेल्या गोळ्या. पँटोप्राझोल (पोटातलं आम्ल कमी करणारं) आणि डोम्पेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल घेतल्यावर बरं वाटलं, म्हणजे पित्तच होतं, हा तर्क लंगडा आहे. डोम्पेरिडोन मळमळ कमी करतं, आणि मायग्रेनचा झटका तीन दिवसांत आपसूक ओसरतोच. श्रेय मात्र कॅप्सूलला जातं. झटक्यात जठराची हालचाल मंदावते, त्यामुळे उशिरा घेतलेली वेदनाशामक गोळी पोटातच पडून राहते किंवा उलटीतून बाहेर येते. ‘डोकेदुखीच्या गोळ्यांनी काही होत नाही, म्हणजे डोकेदुखी नव्हेच’ हा निष्कर्षही त्यामुळे फसवा. महिन्यात साध्या वेदनाशामक गोळ्या १५ किंवा जास्त दिवस, अथवा ट्रिप्टान (मायग्रेनवरच्या खास गोळ्या) किंवा मिश्र वेदनाशामक गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं असेल तर गोळ्यांनीच डोकेदुखी वाढवलेली असण्याची शंका धरावी.

लहान मुलांसाठी ही चाचणी नाही. डोकं न दुखता ठरावीक अंतराने उलट्यांचे झटके येणाऱ्या मुलातही ती आंधळीच. तिथे चक्रीय वमनाचे निकष लागतात: एकसारखे पाच झटके, तीव्र मळमळीसह तासाला किमान चार वेळा उलटी, दोन झटक्यांत आठवड्याचं तरी अंतर आणि मधल्या काळात मूल पूर्ण ठणठणीत. गांजाच्या जुन्या सवयीनेही असे झटके येतात, म्हणून मोठ्या माणसात असंच चित्र दिसलं तर गांजाबद्दल न लाजता विचारावं, विशेषतः गरम पाण्याखाली उभं राहिल्यावर बरं वाटतं असं तो सांगत असेल तर.

खात्री होत नसेल तर दोन महिन्यांची नोंदवही. तारीख, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, आधी डोकं की आधी मळमळ, उजेड, पाळी, उपास, घेतलेली गोळी आणि ती कितव्या तासाला घेतली. कालनिर्णयच्या चौकोनात एवढं सगळं मावत नाही, वेगळी वही घ्यावी.