कट्यार, देवबाभळी की घाशीराम: गाण्याचं नाटक बघायचंय तर कुठलं निवडायचं

गाण्याचं नाटक बघायचंय पण नक्की कुठलं, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो आणि तो पडणं साहजिकच आहे, कारण जाहिरातीत वर मोठ्या अक्षरात "संगीत" छापलेलं असलं तरी आत काय मिळणार ते त्यावरून कळत नाही. एका नाटकात नायक बोलता बोलता थांबतो आणि पुढची दहा मिनिटं नुसता गातो, दुसऱ्यात दोघी जणी भांडता भांडता कधी गायला लागल्या ते आपल्या लक्षातच येत नाही, तिसऱ्यात तर अख्खा कोरसच नाचतोय गातोय आणि आपण गाणं ऐकतोय की नाटक बघतोय तेच कळेनासं होतं. तिन्ही उत्तम असू शकतात, पण तिन्हींना जाणारा माणूस वेगळा असतो. चुकीच्या माणसाला चुकीच्या नाटकाला नेलं की तो परत कधी गाण्याच्या नाटकाला येत नाही, हे मी पाहिलंय आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

तर निवडताना मी एकच गोष्ट बघते. गाणं चालू असताना गोष्ट कुठे असते? थांबलेली असते का पुढे सरकत असते? बाकी सेट, कपडे, कलाकार हे सगळं नंतर.

आधी जुनी परंपरा थोडक्यात, कारण त्याशिवाय पुढची तुलना नीट लागणार नाही. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल आणलं आणि त्यात पात्रं स्वतः गायला लागली, त्याआधी विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत गाण्याचं काम मुख्यतः सूत्रधाराकडे असायचं. म्हणजे पात्राने आपल्या मनातलं स्वतः गाऊन सांगायचं ही कल्पना आपल्याकडे तेव्हापासून मुरलेली आहे. मग 1882 ला सौभद्र, 1911 ला मानापमान, आणि मानापमानापासून रागदारी एवढी वर आली की लोक नाटकाला नाही तर गाण्याला यायला लागले, वन्स मोअर आला की तेच पद परत, गोष्ट बिचारी विंगेत थांबलेली. आज ही नाटकं कापून छाटून अडीच तीन तासात करतात तरी मूळ स्वभाव तोच आहे. सौभद्र अजूनही गोड आहे, रुसवेफुगवे आहेत, कृष्णाचा मिश्कीलपणा आहे, पण ज्याला गाण्याची आवड नाही त्याला पहिल्यांदाच इथे आणू नका. ज्याला आहे त्याला मात्र कुणी सांगायची गरजच नसते, तो आधीच तिकीट काढून बसलेला असतो.

आता खरी निवड असते ती बहुतेक वेळा कट्यार आणि देवबाभळी या दोघांत. म्हणजे निदान मला तरी याच दोघांबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं.

कट्यार काळजात घुसली 1967 च्या डिसेंबरात आलं, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं लेखन, जितेंद्र अभिषेकीबुवांचं संगीत आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. बुवांनी त्याआधी 1964 ला मत्स्यगंधामध्ये पदं कमी आणि आटोपशीर करून दाखवली होती, ती शिस्त कट्यारमध्येही आहे, पण इथे विषयच गाणं आहे. दोन गवयी, पंडितजी आणि खाँसाहेब, दोन घराणी, राजगायकाचं पद आणि त्याबरोबर मिळणारी ती कट्यार जिने केलेला एक खून माफ. त्यामुळे इथे गाण्यासाठी गोष्ट थांबली अशी तक्रार करताच येत नाही, गोष्ट गाण्याबद्दलच आहे. "घेई छंद मकरंद" हे एकच पद दोन वेगळ्या चालीत येतं, एक पंडितजींच्या शांत संथ गायकीत आणि दुसरं खाँसाहेबांच्या आक्रमक तानांच्या गायकीत. शब्द तेच आणि माणूस वेगळा! दोघांमधला फरक सांगायला लेखकाला पानभर संवाद लिहावे लागले असते आणि तरी तो इतका पोचला नसता. मला विचाराल तर मराठी रंगभूमीवर गाण्याने नाटकाचं काम इतकं चोख केल्याची उदाहरणं फार थोडी आहेत आणि हे त्यातलं सगळ्यात वरचं.

पण याची दुसरी बाजूही नीट समजून घ्या. कट्यार पूर्णपणे खाँसाहेब करणाऱ्या माणसावर उभं असतं. त्याला गायला येतं आणि अभिनय येत नाही किंवा उलट, तर नाटक कोसळतं, मधलं काही नाही. 2010 ला हे नव्याने आलं तेव्हा सुबोध भाव्यांचं दिग्दर्शन होतं आणि वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब झाले होते, म्हणजे नातवाच्या गळ्यावर आजोबांचं नाटक परत उभं राहिलं, आणि यातच या नाटकाची अट काय आहे ते कळतं. शिवाय यात पल्लेदार उर्दू हिंदी संवाद आहेत, बंदिशी आहेत, सुरत पिया की सारखी रागमाला आहे, म्हणजे एकाच गाण्यात एकामागून एक राग, जिला सलग शांतपणे ऐकायची तयारी लागते. 2015 चा सिनेमा बघून जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, सूर निरागस हो हे सिनेमासाठी केलेलं गाणं आहे, ते नाटकात नाही, आणि सिनेमाचा भपका पण नाही. नाटकात तुम्ही आणि तो गळा, एवढंच.

संगीत देवबाभळी बरोबर पन्नास वर्षांनी आलं, 2017 च्या डिसेंबरात, प्राजक्त देशमुखांचं लेखन दिग्दर्शन आणि भद्रकाली या नाट्यसंस्थेची निर्मिती. स्टेजवर फक्त दोघी. एक तुकोबांची आवली आणि दुसरी रखुमाई, जी लखुबाई होऊन तिच्या घरी आलीये. गोष्टीचं बीज सगळ्यांना ठाऊक असलेलं, नवऱ्याला भाकरी घेऊन डोंगरात शोधत फिरणाऱ्या आवलीच्या पायात काटा जातो आणि तो काढायला खुद्द विठ्ठल येतो. आता इथून पुढे नाटक जे करतं ते ऐकून सांगण्यासारखं नाही, बघण्यासारखं आहे, पण थोडक्यात सांगायचं तर ज्यांचे नवरे जगाचे झालेत अशा दोन बायका एका घरात राहून एकमेकींशी बोलतात. आवली त्या काळ्याला शिव्या घालते आणि ऐकणारी त्याचीच बायको आहे! मूळ प्रसंगच इतका जोरदार आहे की एकही गाणं नसतं तरी हे उत्तम गद्य नाटक झालं असतं.

मग गाणी कशाला? इथेच मला हे नाटक फार आवडतं. यातली गाणी कामातून येतात. घरकाम चालू आहे, बोलणं चालू आहे आणि बोलण्याचाच सूर वर चढत जातो, ओवीच्या वाटेने अभंगाकडे जातो आणि परत बोलण्यावर उतरतो, त्यामुळे "आता गाणं सुरू होणार" असा तो क्षण, ज्याची गद्य नाटकवाल्यांना भीती वाटते, तो येतच नाही. दोघी स्वतः गातात. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी यांनी ते असं काही केलंय की गाताना अभिनय सुटला किंवा अभिनयात सूर सुटला असं होत नाही, आणि हे किती अवघड आहे ते नाटकात कधी काम केलेल्याला विचारा. या संहितेला 2020 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला ही गोष्टही मला महत्त्वाची वाटते, कारण संगीत नाटकाची नुसती संहिता वाचण्यासारखी असणं दुर्मिळ झालं होतं.

दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की फरक असा दिसतो. कट्यारमध्ये मध्येच टाळ्या पडतात, वाहवा होते आणि ती झालीच पाहिजे, ते नाटक मैफलीच्या अंगाने जातं आणि प्रेक्षक त्यात भाग घेतो. देवबाभळीत मध्ये टाळी वाजली की मला त्रास होतो, धागा तुटतो. कट्यारला जाण्याआधी पदं ऐकून गेलात तर दुप्पट मजा येते कारण ओळखीची जागा आज हा कसा घेतो ते ऐकायचं असतं, देवबाभळीला मात्र काहीही न ऐकता न वाचता जा. तिथे शब्द आधी, सूर मागून. आणि बसायची जागा पण वेगळी निवडा. कट्यारला किंवा जुन्या संगीत नाटकाला अगदी पहिल्या दोन रांगा नकोत, साथीदार समोर बसलेले असले की ऑर्गन आणि तबला गळ्याच्या वर ऐकू येतो, पाचव्या सहाव्या रांगेपासून मागे आवाज छान मिसळलेला मिळतो. देवबाभळीला उलट जितकं पुढे तितकं चांगलं, चेहरे दिसले पाहिजेत.

घरच्यांना घेऊन जाणार असाल तर? आजी आजोबा आणि गाणं शिकणारी पोरं असतील तर कट्यार, डोळे मिटून. "मला संगीत नाटक झेपत नाही" म्हणणारा नवरा, बहीण, मित्र जो कोणी असेल त्याला देवबाभळी. लहान मुलांचं म्हणाल तर सात आठ वर्षांपर्यंत दोन्ही नकोत, मूल कंटाळतं आणि मग आईबापांचं पण नाटक जातं.

आता घाशीराम कोतवाल. हा तिसरा पर्याय मी मुद्दाम ठेवलाय कारण गाण्याचं नाटक म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर शालू आणि ऑर्गन येतो, आणि हे त्याच्या बरोबर विरुद्ध आहे. 1972 ला पुण्यात पहिला प्रयोग, विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. माणसांची रांग हाच पडदा, हीच भिंत, हाच कोरस, आणि कीर्तन, अभंग, लावणी सगळं एकात एक मिसळत जातं. गाणं इथे मन मोकळं करायला येत नाही, झाकायला येतं. समोर अत्याचार चाललाय आणि मागे देवाचं नाव चाललंय, ते ऐकताना अंगावर काटा येतो. त्यामुळे "छान गाणी ऐकू" म्हणून जाल तर अस्वस्थ होऊन याल, पण गाणं नाटकात काय काय करू शकतं हे बघायचं असेल तर याला पर्याय नाही. मूळ संच आता नाही, कोणी नव्याने बसवलं किंवा कॉलेजच्या पोरांनी केलं तरी जा, आणि शक्यतो बाल्कनीत बसा कारण त्या रांगेच्या आकृत्या वरूनच खऱ्या दिसतात. सुंदर गळ्यांची गरज या नाटकाला नाही, लयीत हलणाऱ्या माणसांची आहे, म्हणून हौशी संचाचं कट्यार बघायला मी कचरते पण हौशी संचाचं घाशीराम आनंदाने बघते.

आणि मोठे म्युझिकल्स. 2016 ला फिरोज अब्बास खान यांनी मुघल-ए-आझम स्टेजवर आणलं तेव्हापासून आपल्याकडे या भव्य प्रकाराला वेगळाच प्रेक्षक मिळालाय, 2023 पासून मुंबईत परदेशी म्युझिकल्सचे दौरेही होतात. मुघल-ए-आझममध्ये नट नट्या प्रत्यक्ष गातात, कथक आहे, डोळे दिपतात. पण बहुतेक गाणी 1960 च्या सिनेमातली, सगळ्यांना पाठ, त्यामुळे बऱ्याचदा आपण गोष्टीत नसतो तर गाण्याची वाट बघत असतो. अपवाद "प्यार किया तो डरना क्या", तिथे अनारकली भर दरबारात गाते तेच बंड आहे, गाणं काढलं तर प्रसंगच उरत नाही. वर्षातून एखादा मोठा खर्च करायचा असेल तर जरूर जा, पण गाणं आणि नाटक एकजीव झालेलं बघायचंय म्हणून जात असाल तर ते पैसे देवबाभळीवर घाला आणि उरलेल्यात कट्यार पण होईल.

प्रत्येक चांगल्या गोष्टीला गाणी लागतातच असंही नाही हां. शॉच्या पिग्मॅलियनचं तिकडे 1956 ला गाजलेलं म्युझिकल झालं, आपल्याकडे पुलंनी 1975 ला त्याच नाटकावरून ती फुलराणी केलं तेव्हा ते गद्य ठेवलं, आणि हा माणूस स्वतः संगीतकार, पेटी वाजवणारा! "तुला शिकवीन चांगलाच धडा" हे स्वगत गाण्याच्या अगदी उंबरठ्यावर जातं, लय आहे, यमक आहे, पण गाणं होत नाही आणि म्हणूनच ते भक्ती बर्व्यांच्या तोंडी तसं पेटलं. तीनच वर्षांनी तीन पैशाचा तमाशामध्ये त्याच पुलंनी गाण्यांचा पाऊस पाडला कारण तिथे ती हवीच होती. गाणं कुठे हवं आणि कुठे नको हे ज्याला कळतं त्याचं नाटक बघायला जावं असं माझं सरळ मत आहे.

तिकीट काढताना शेवटचं. कट्यारची जाहिरात असेल तर खाँसाहेब कोण करतंय ते नाव आधी बघा आणि त्याचं गाणं कुठे ऐकायला मिळालं तर ऐकून घ्या, नाव छापलेलंच नसेल तर थोडं थांबा. म्युझिकल असेल तर गाणं प्रत्यक्ष आहे की ट्रॅकवर ओठ हलवणार ते बुकिंगच्या आधी विचारा, विचारायला लाजू नका. आणि देवबाभळीचा प्रयोग तुमच्या जवळच्या नाट्यगृहात लागलेला दिसला तर बाकी सगळी तुलना बाजूला ठेवा आणि आधी तो बघा, कट्यार दुसऱ्या गळ्यात परत येतं, या दोघींना एकत्र याच भूमिकांत बघायला मिळेलच असं नाही.