पीएचपी आणि फॉर्ममधली नावे: वापरानंतरचे मत

सोलापुरातील चादर आणि टॉवेलच्या घाऊक व्यापाऱ्यांना मागणी नोंदवण्याची छोटी सॉफ्टवेअर करून देणे हा माझा व्यवसाय आहे आणि त्यासाठी मी बरीच वर्षे पीएचपी ही वेब प्रोग्रामिंगची भाषा वापरतो. येथे मला या भाषेची एकच बाजू तपासायची आहे, ती म्हणजे वेबपानावरील फॉर्ममधून आलेल्या व्हेरिएबलच्या (माहिती ज्या नावाखाली साठवतात त्याच्या) नावांचे ती काय करते.

एका फॉर्ममध्ये मी रकान्याला 'चादर.रुंदी' असे नाव दिले होते. पोस्टच्या अ‍ॅरेत (फॉर्ममधील माहिती नावानिशी ज्यात येते त्या यादीत) त्या नावाने काहीच सापडेना, कारण पीएचपीने टिंबाच्या जागी अंडरस्कोर घालून ते परस्पर 'चादर_रुंदी' करून टाकले होते. नावातील मोकळ्या जागेचीही हीच गत होते, आणि हे करताना भाषा कोणताही इशारा देत नाही. 'टॉवेल.दर' आणि 'टॉवेल_दर' अशी दोन्ही नावे एकाच फॉर्ममध्ये असली, तर ती एकाच नावाखाली येतात आणि नंतरची किंमत आधीची पुसून टाकते. दराच्या बाबतीत असे घडले, तर व्यापाऱ्याला काय उत्तर द्यायचे?

यामागचे कारण जुने आहे. पूर्वी रजिस्टर ग्लोबल्स या सोयीमुळे फॉर्ममधील प्रत्येक नाव थेट व्हेरिएबल बनत असे, आणि पीएचपीत टिंब हे दोन मजकूर जोडण्याचे चिन्ह असल्यामुळे ते व्हेरिएबलच्या नावात चालणे शक्यच नव्हते. सुरक्षेला घातक ठरलेली ही सोय 2002 मध्ये 4.2 आवृत्तीत मुळातच बंद ठेवली गेली आणि 2012 मध्ये 5.4 आवृत्तीतून काढून टाकली गेली. नावे बदलण्याची रीत मात्र राहिली. गिरणी बंद पडूनही भोंगा वाजत राहावा, तसा हा प्रकार आहे.

चौकटी कंसांची व्यवस्था मात्र मला मनापासून आवडते. 'माल[12][नग]' असे नाव दिले की बाराव्या ओळीतील नग थेट अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे होऊन हाती येतात, आणि कंसाच्या आतील टिंबाला भाषा हात लावत नाही. रंगांचे चेकबॉक्स असतील, तर नावापुढे रिकामा कंस जोडावाच लागतो. तो विसरला, तर ग्राहकाने निवडलेल्या पाच रंगांपैकी शेवटचा एकच उरतो.

एक मर्यादा मला अनुभवाने कळली. 260 प्रकार आणि प्रत्येकाचे चार रकाने असा 1040 नावांचा फॉर्म मी केला होता. एका वेळी किती नावे स्वीकारायची हे ठरवणाऱ्या मॅक्स इनपुट व्हार्स या सेटिंगची मूळ मर्यादा 1000 असल्यामुळे शेवटचे दहा प्रकार नोंदलेच गेले नाहीत. येथे इशारा मिळतो खरा, पण तो सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलीत, म्हणजे लॉगमध्ये, आणि मी लॉग पाहिला नव्हता. सेटिंग वाढवल्यावर प्रश्न मिटला.

स्वतःचा फॉर्म असेल, तर अंडरस्कोर आणि कंस वापरून सर्व निभावते. दुसऱ्याच्या प्रणालीतून टिंबाची नावे येत असतील, तर मूळ मजकूर इनपुट स्ट्रीममधून (आलेली माहिती जशीच्या तशी जेथे मिळते तेथून) वाचून आपणच उलगडावा लागतो. पण कापडाचा फोटो जोडलेल्या मल्टिपार्ट फॉर्मला सर्वसाधारण सेटिंगमध्ये तोही मार्ग बंद असतो. म्हणून पाचपैकी साडेतीन गुण.