काळी, तांबडी की पांढरी? गोव्याच्या उन्हात गाय निवडताना

गाय घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, दूध किती देते? गोव्यात मी त्याच्याही आधी दुसरा विचारायला सांगेन. दुपारी अकरा ते चार ही गाय कुठे असणार? गोठ्यात दावणीला, की सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, चरायला? रंगाकडे किती बघायचं ते यावरच ठरतं.

काळा रंग जास्त तापतो हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण किती? दक्षिण आफ्रिकेत १९४५ साली हे मोजलं गेलं. पांढऱ्या गुरांची केसांसकट कातडी अंगावर पडलेल्या उन्हापैकी साधारण ४९ टक्के शोषते, तांबड्यांची ७८ आणि काळ्यांची ८९ टक्के. म्हणजे तांबडी ही अधली-मधली नव्हे, ती काळीच्याच शेजारी बसते. तरीही तांबडी गीर उन्हात टिकते, कारण तिचे केस आखूड आणि चकचकीत, कातडी सैल, गळ्याखाली लोंबणारी मोठी पोळी आणि घामाच्या ग्रंथी भरपूर. रंगाची कसर ती अशी भरून काढते.

काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन या विलायती जातीच्या संकराची अडचण वेगळीच. दहा-बारा लिटर दूध देणारी गाय भरपूर खाते, आणि ते पचवताना आतूनच तापते. गोठ्यात सावलीला ती काळी असो की पांढरी, फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे मे महिन्यात ३३ अंश तापमान आणि ७० टक्के दमटपणा असला की उष्णता-आर्द्रता निर्देशांक ८६ च्या घरात जातो. दुभत्या गाईला त्रास ७२ पासूनच सुरू होतो. कोरड्या मुलखात घाम सुकून अंग निवतं, इथे तो लवकर सुकत नाही. म्हणून होल्स्टीन घ्यायची असेल तर आधी उंच छप्पर, पंखे आणि अंगावर पाणी मारायची सोय करा. बुटका पत्र्याचा गोठा असेल तर तिला आणूच नका. तो जिवंत जनावराचा छळ होतो. जर्सी संकर अंगाने लहान, त्यामुळे तिला गरमी थोडी कमी बाधते आणि दुधाला फॅटही चांगलं लागतं.

आता पांढरी. आपली श्वेतकपिला ही गोव्याची स्वतःची, राष्ट्रीय पातळीवर नोंद झालेली जात. नाकापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, पापण्यांचे केससुद्धा. दूध दिवसाला अडीच-तीन लिटर, फॅट पाचच्या वर. डेअरीला दूध घालून घर चालवायचं असेल तर ती पुरणार नाही, हे मी मनावर दगड ठेवून सांगतो. पण घरापुरतं दूध हवं, चारा विकत घ्यायचा नाही आणि गाय दिवसभर सड्यावर फिरणार असेल, तर तिच्याच नावाने दावं वळा.

पांढऱ्या केसांची एक मेख मात्र आहे. केस ऊन परतवतात, पण थोडं ऊन केसांतून आत शिरतंच. खाली कातडी काळसर असेल तर ती ते सोसते, गुलाबी असेल तर भाजते. ब्राझीलमधली मांसासाठी पाळलेली पांढरी नेलोर गुरं मूळची आंध्रातल्या ओंगोल जातीची. तिकडच्या उन्हात ती टिकली ती पांढरे केस आणि काळी कातडी या जोडीमुळे.

गुलाबी कातडीचं दुखणं मी आमच्याच गोठ्यात पाहिलं. एका उन्हाळ्यात चारा संपला आणि आमच्या काळ्या-पांढऱ्या संकरित गाईने कुंपणाचं घाणेरीचं (टणटणीचं) झुडूप खाल्लं. या झुडपाने यकृत बिघडतं आणि कातडीला ऊन सोसेनासं होतं. चार दिवसांत पांढऱ्या पट्ट्यांवरची कातडी वाळक्या सालीसारखी सुटली. काळा पट्टा सुरू झाला की मात्र तिथून पुढे सगळं गुळगुळीत, जणू कोणी रेघ मारून दिली होती. पशुवैद्यांनी औषध दिलं, पण खरा आराम पडला तो तिला महिनाभर सावलीत बांधल्यावर.

तेव्हा सौदा करायला सकाळी गारव्यात जाऊ नका, दुपारी तीनला जा. काखेतले आणि कानामागचे केस बाजूला करून कातडीचा रंग बघा. मग गाईच्या बाजूला उभे राहून मिनिटभर कूस किती वेळा हलते, म्हणजे श्वास किती होतात, ते मोजा. सावलीत, स्वस्थ उभी असताना आकडा साठाच्या वर गेला किंवा तोंड उघडून धापत असली, तर रंग कोणताही असो, पैसे खिशातच राहू द्या.