मोर्चा की कायदेभंग? साताऱ्याचा १९४२
‘चले जाव’ आंदोलनात तासगावला ३ सप्टेंबर १९४२ रोजी शांततेत मोर्चा निघाला आणि मामलेदार कचेरीवर तिरंगा चढला. अवघ्या सहा दिवसांनी वडूजला तसाच निःशस्त्र मोर्चा गेला, तर थेट गोळीबार! परशुराम घार्गे हातातला झेंडा न सोडता पडले. म्हणजे मोर्च्याचं यश बरंचसं समोरच्या अधिकाऱ्यावर अवलंबून. पण निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्यावर सरकारची उरलीसुरली पत गावोगावी गेली, हेही खरं.

कायदेभंगाचा मार्ग वेगळा. १९३० मध्ये बिळाशीकरांनी जंगल सत्याग्रह केला. इथे सरकारच्या मर्जीची वाट बघायची नाही, त्याचा कायदाच मोडायचा. ४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना समांतर असं लोकांचं सरकार, आणखी पुढे गेलं. तारा तोडल्या, १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वे लुटली, गावात न्यायनिवाडे केले. लोक कोर्टाची पायरी चढेनात, तिथे इंग्रजी अंमल खरा पोकळ झाला. (पत्र्या ठोकण्याची, म्हणजे तळपायांवर काठीने फटके मारण्याची शिक्षा मात्र मला कधीच पचली नाही, तो कायदेभंग नव्हे, मारहाणच.)

माझा कल कायदेभंगाकडे, पण आधी मोर्च्यांनी गावं जागी केली नसती तर भूमिगतांना भाकरी कोणी दिली असती?